कंबर किती दुखते यापेक्षा सोबत काय होतंय ते बघा

मा. संपादक,
स.न.

आपल्या पेपरच्या आरोग्य पानावर कंबरदुखीवर अधूनमधून काहीतरी येत असतं, बसायचं कसं, वजन उचलायचं कसं, भुजंगासन, मकरासन वगैरे, आणि ते चांगलंच आहे. पण अशा लेखांच्या शेवटी 'त्रास वाढल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा' एवढंच एक वाक्य असतं, मला त्या वाक्याबद्दल लिहायचंय. त्रास वाढला म्हणजे नक्की काय? सरकारी हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर होते, आता रिटायर झालेय. तिथे फार उशिरा आलेल्या पेशंटपैकी कितीतरी जणांची कंबर असह्य दुखत होती असं नव्हतंच, म्हणून तर ते घरी थांबले.

आणि उलटंही तितकंच खरं. उसण भरली, लचक बसली की माणसाला कुशीवर वळता येत नाही, शिंकलं तरी कळ येते, घरचे घाबरून जातात, पण यातलं बहुतेक दुखणं चार-सहा आठवड्यांत आपोआप कमी होतं. शेक घ्यावा, डॉक्टरांना विचारून थोडे दिवस गोळी घ्यावी आणि झेपेल तसं चालतं फिरतं राहावं, अंथरुण धरून पडून राहू नये. लगेच एमआरआयची पण गरज नसते. 'मणक्यात गॅप आलाय' ऐकून लोक हादरतात, पण पन्नाशीच्या, कसलाही त्रास नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी निम्म्याहून जास्त जणांत दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली दिसतेच. म्हणजे दुखण्याच्या जोरावरून किंवा नुसत्या रिपोर्टवरून काही ठरवता येत नाही, दुखण्यासोबत अजून काय होतंय ते बघावं लागतं.

सगळ्यात घाईची गोष्ट लघवीची, आणि नेमकी तीच लोक सांगत नाहीत. आपला मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो, तिथून खाली नसांचा जुडगा जातो आणि पाय, लघवी, शौच या सगळ्याच्या नसा त्यातच असतात. गादीचा मोठा तुकडा सरकून तो जुडगा दाबला गेला की सायकलच्या सीटवर टेकते तेवढी जागा बधीर होते, धुताना स्वतःचा हात लागलेला कळत नाही, लघवी लागल्याचं समजत नाही, तुंबते नाहीतर नकळत होते, शौचावरचा कंट्रोल जातो, बऱ्याचदा दोन्ही पायांत कळा किंवा मुंग्या येतात. असं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन होतं अशा हॉस्पिटलला जायचं. ऑपरेशन जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो 48 तासांच्या आत, नंतर पाय सुधारले तरी लघवीचा त्रास जन्मभर राहू शकतो. बायका हे पुरुष डॉक्टरांना सांगायला लाजतात, सून सासऱ्यांना विचारत नाही, म्हातारी माणसं 'वयामुळे होतंय' म्हणून गप्प बसतात आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांकडूनही विचारायचं राहून जातं. म्हणून कॅज्युअल्टीत गेल्यावर 'कंबर दुखते' एवढंच सांगू नका, 'कंबर दुखते आणि लघवी कळत नाही' असं पहिल्याच वाक्यात सांगा, लाजू नका.

दुसरी गोष्ट पायातल्या ताकदीची. चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते कळतही नाही, पंजा वर उचलत नाही, टाचांवर उभं राहता येत नाही, जिना चढताना पाय दगा देतो. सायटिकाची, म्हणजे नस दाबल्याने कंबरेतून येणारी कळ पायात जाणं वेगळं आणि पायातली ताकद जाणं वेगळं. ताकद कमी होत चालली असेल तर मालिशवाल्याच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका, एक-दोन दिवसांत स्पाइन सर्जन किंवा न्यूरोसर्जनला दाखवा.

मग टीबी. टीबी म्हणजे खोकला एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण हाडांच्या टीबीतला साधारण निम्मा मणक्यातच होतो आणि जगातले जवळपास चौथा हिस्सा टीबी पेशंट भारतात आहेत, त्यामुळे आपल्याकडे ही शंका घ्यायलाच हवी. तो हळूहळू येतो, कित्येक आठवडे पाठीत एकाच जागी दुखतं, पडून आराम केला तरी थांबत नाही, रात्री जास्त, संध्याकाळी बारीक ताप, भूक मेलेली, वजन उतरतंय. सगळ्यांना ताप येतोच असं नाही, आणि सुरुवातीला एक्सरे नॉर्मल येऊ शकतो त्यामुळे 'काही नाही' म्हणून माणूस महिनोन्महिने पेनकिलरवर राहतो. वेळेत कळलं तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, वर्ष-दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आणि इथे मला कळकळीने सांगायचंय, पायाळू माणसाचा पाय लावून घेणं, पाठीवर लाथ मारून घेणं, कडकड मोडून घेणं हे अजून सर्रास चालतं, पण आतून मणका पोखरलेला असेल तर तो एक झटका माणसाला कायमचा लुळा करू शकतो.

हाडं ठिसूळ झालेल्या आज्जींचंही तसंच, मोरीत नुसतं बसकन आपटल्या किंवा पाण्याची कळशी उचलली एवढ्यानेही मणका दबतो, त्यात दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर धोका अजून जास्त, तिथे एक्सरे लगेच काढावा. आधी कधी कॅन्सर होऊन गेलाय, मग तो स्तनाचा असो, प्रोस्टेटचा असो की फुफ्फुसाचा, आणि आता पाठ नव्याने दुखायला लागली तर आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवायचं.

तरुण पोरांचं मात्र वेगळं आहे आणि त्यांच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पंचविशीतला मुलगा, तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस कंबर दुखतेय, पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळी अर्धा-पाऊण तास अंग आखडलेलं, पण हालचाल केली की बरं वाटतं आणि बसून राहिलं की पुन्हा दुखतं. घरचे म्हणतात मोबाईल कमी कर, बाईक कमी चालव. हा अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो, मणक्याचा एक प्रकारचा संधिवात, त्यात कधी डोळा लाल होऊन दुखतो. त्याला सर्जन नाही, ऱ्हुमॅटोलॉजिस्ट म्हणजे संधिवाताचा डॉक्टर लागतो, आणि त्यासाठी चांगली औषधं आहेत, फक्त मणके एकमेकांना जुळून कडक व्हायच्या आधी तिथे पोचलं पाहिजे.

तर आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी कंबरदुखीचे व्यायाम छापाल तेव्हा सोबत एक छोटी चौकट द्या, कशासाठी त्याच दिवशी जायचं, कशासाठी त्या आठवड्यात आणि कुठल्या डॉक्टरकडे. जागा कमी असेल तर लघवीची आणि पायातल्या ताकदीची एवढ्या दोन गोष्टी तरी छापाच.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सांगली