माया अवशेषांचे फोटो आणि साचे घेणारे ब्रिटिश संशोधक आल्फ्रेड मॉडस्ले यांस, कृतज्ञतापूर्वक

आदरणीय मॉडस्लेसाहेब,

सप्रेम नमस्कार.

मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या लिपीतली पहिली तारीख मी वाचली ती तुमच्या फोटोंच्या आधाराने. ग्वातेमालातल्या किरिग्वा इथला 'स्तंभ सी'. दोन रेघा आणि तीन ठिपके. रेघ म्हणजे 5 आणि ठिपका म्हणजे 1, म्हणून 13. त्यापुढे सगळी शून्यं. इ.स.पू. 3114, माया कालगणनेचा आरंभ. मी ग्वातेमाला पाहिलेलं नाही, पण घरबसल्या अक्षर अन् अक्षर लावता आलं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत.

1881 मध्ये तुम्ही किरिग्वाला पोचलात, तेव्हा या खुणा कुणालाच नीट वाचता येत नव्हत्या, तुम्हालाही नाही. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. मजकूर कळत नसला की माणूस ठळक चित्र तेवढं उचलतो आणि बाकीची नक्षी समजून सोडून देतो. तुम्ही तसं केलं नाहीत. यातलं काय महत्त्वाचं हे पुढे कुणीतरी ठरवील, आपण सगळं जसंच्या तसं द्यायचं, या निष्ठेने तुम्ही कडेचे बारीक चौकोनसुद्धा टिपलेत.

तुमच्या आधीही लोक झटले होते. चित्रकार कॅथरवुड 1841 मध्ये मेक्सिकोतल्या युकातानला डॅगेरोटाइपचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो घेण्याचा, कॅमेरा घेऊन गेले, पण त्यांचा बराचसा संग्रह पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या आगीत गेला. फ्रेंच प्रवासी शार्ने यांनी ओल्या काचा वापरल्या. रसायन लावलेली काच वाळायच्या आत फोटो घेऊन धुवायची, तीही त्या उकाड्यात! तुमच्या वेळेपर्यंत कोरड्या काचा आल्या होत्या, त्यामुळे काम सुकर झालं. पण काचेची पेटी खेचरावर लादून जंगलातून न्यायचीच होती, आणि ग्वातेमालातल्याच तिकालला मंदिरांवरची झाडं तोडल्याशिवाय कॅमेऱ्याला काही दिसणारही नव्हतं.

किरिग्वाचं तुमचं वर्णन मी पुन्हापुन्हा वाचते. समोर वेलींनी गुरफटलेले, शेवाळलेले, मेलेल्या झाडांच्या बुंध्यांसारखे काही उभे होते. वेली ओढून काढल्यावर हाताला दगड लागला. मग ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पात्यांचे हीर एकत्र बांधून तुम्ही ब्रश केलेत आणि शेवाळ घासून काढलंत. म्हणजे आपला खराटाच! मी गावोगावच्या शिलालेखांचे आणि वीरगळांचे ठसे घेते, त्यामुळे हे वाचताना हात शिवशिवतात. अक्षरं दिसायला लागतात तो क्षण मला ठाऊक आहे. ऊन डोक्यावर असलं की लेख सपाट पडतो, आणि तेच ऊन कडेने आलं की खोदकाम उठून दिसतं. तुमच्या कित्येक फोटोंत उजेड असा कडेने आलेला आहे.

फोटोवर तुमचं समाधान झालं नाही, हेही मला पटतं. 1883 मध्ये प्लॅस्टरचे साचे काढणारे लोरेन्झो जुंतिनी यांना सोबत घेऊन तुम्ही सुमारे 4 टन प्लॅस्टर जंगलात नेलंत. किरिग्वाच्या त्या अवाढव्य कोरीव दगडी 'कासवा'चा साचा सहाशेहून अधिक तुकड्यांत काढावा लागला. फोटो, ठसा, आणि दोन्ही समोर ठेवून चित्रकार अॅनी हंटर यांनी काढलेलं रेखाचित्र, अशी तिहेरी नोंद तुमच्या 1889 ते 1902 च्या ग्रंथात आहे. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी, इतकी चोख.

गुडमन हे अमेरिकेतल्या नेवाडाचे वृत्तपत्रकार. त्यांनी तुमच्याच सामग्रीवर माया तारखांचं गणित बसवलं, ते तुम्ही 1897 मध्ये आपल्या ग्रंथाला जोडलंत, आणि माया दिवस आपल्या दिनदर्शिकेशी जुळवण्याची त्यांनी 1905 मध्ये मांडलेली पद्धत थोड्या फरकाने आजही चालते. मेक्सिकोतल्या पालेंकेच्या क्रूसमंदिरातला शिलापट तर तुमच्या वेळी तीन ठिकाणी विखुरला होता: एक भाग जागेवर, एक मेक्सिको शहरात आणि एक वॉशिंग्टनला. तुमच्या ग्रंथात तो सलग वाचता येतो.

एका गोष्टीबद्दल मात्र आभार मानवत नाहीत. यश्चिलान या माया शहरातली 24 क्रमांकाची दारावरची शिळा, जिच्यावर राणी जिभेतून काटेरी दोर ओढते आहे, ती तुम्ही लंडनला नेलीत. वजन कमी व्हावं म्हणून पाठीमागचा दगड छिलून काढला गेला. परवानगी होती, हे मान्य. तरी ज्याच्या हाती एवढा उत्तम कॅमेरा आणि साचे होते त्याने दगड जागेवर राहू द्यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या फोटोंनी कुणाचं काही हिरावून घेतलं नाही. म्हणून तर ते मला शिळेहून थोर वाटतात.

आणि हे आभार एकट्या तुमचे नाहीत. ग्वातेमालातले गोर्गोनियो लोपेस आणि त्यांचे भाऊ, ज्यांनी वर्षानुवर्षं तुमच्यासोबत ओल्या कागदाचे साचे घेतले, त्यांनाही माझा नमस्कार सांगावा. ओला कागद दगडावर ठोकताना हात जरा जोरात पडला की फाटतो, हलका पडला की अक्षर उठत नाही. उष्ण, दमट रानात ते काम त्यांनी कसं साधलं असेल, हे त्यांच्याकडून शिकायला मला फार आवडलं असतं.

आपली नम्र,
शिलालेखांची एक अभ्यासक