लग्नातला धूर आणि दुकानातली कॉस्टिकची पुडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बावीस वर्षं तेलमिलमध्ये काढली, सरकीच्या तेलाच्या रिफायनरीवर, त्यामुळे कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा, काय चीज आहे ते माझ्या हातांना माहिती आहे. पण हे पत्र लिहायला बसलो ते धुळ्याकडच्या एका लग्नामुळे. नवरा-नवरीच्या एन्ट्रीला धूर सोडला, सगळे मोबाईल काढून उभे, आणि तिकडे स्टेजमागे थर्माकोलचा डबा उघडाच पडलेला, त्यातून माझ्या शालकाच्या सात वर्षांच्या पोराने बर्फ समजून तुकडा उचलला अन् मुठीत दाबून धरला. तळहाताला भाजल्यासारखे फोड आले. धूरवाल्याला विचारलं तर म्हणे काका काही होत नाही, बर्फच आहे तो.

बर्फ कसला, गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असतो तो, ड्राय आइस म्हणतात त्याला, उणे 78 अंशांचा. त्याचं पाणी होत नाही, सरळ गॅस होतो, एका किलोचा पाचशे लिटरच्या वर. आपल्याला जो पांढरा धूर दिसतो ती हवेतल्या ओलाव्याची वाफ, खरा गॅस डोळ्याला दिसतच नाही आणि हवेपेक्षा दीडपट जड म्हणून खाली जमिनीलगत साचतो, म्हणजे बारकी पोरं खेळतात तिथेच, आणि त्यात जीव गुदमरतो. मे महिन्यात आपल्याकडे उन्हामुळे हॉलची दारं-खिडक्या बंद करून एसी लावतात, तिथे तर जास्तच जपायला पाहिजे. काचा वर करून कारमधून न्यायचा नाही, बाटलीत भरून झाकण लावायचं नाही, बाटली फुटते. आणि खायचा तर अजिबात नाही, 2024 च्या मार्चमध्ये गुरुग्रामला एका कॅफेत जेवणानंतर माउथ फ्रेशनर म्हणून ड्राय आइस दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. वस्तू वाईट नाही, औषधं, लसी, आइस्क्रीम गार ठेवून लांब पाठवायला तिचा मोठा उपयोग आहे, फक्त हाताळणाऱ्याला माहिती पाहिजे आणि जाड हातमोजे पाहिजेत.

आता कॉस्टिक. रिफायनरीत कच्च्या तेलातली आंबटाई मारायला ते लागतंच, त्याशिवाय तेल साफ होत नाही. पण गावात तेच कॉस्टिक मोरी तुंबली की कागदाच्या पुडीत सुटं मिळतं, वर नाव नाही, काही नाही, दिसायला खडीसाखरेसारखं. घरी आणून कोणी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कालवून ठेवतं, हे मी स्वतः तीन घरांत पाहिलंय. जर्मनच्या पातेल्यात कालवलं तर पातेलं खातं आणि हायड्रोजन सुटतो, जवळ चूल पेटलेली असली तर भडका. कालवायचंच तर गार पाण्यात थोडं थोडं कॉस्टिक सोडायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उकळून तोंडावर उडतं. अंगावर पडलं की आधी फक्त साबणासारखं बुळबुळीत लागतं, आग नंतर होते, म्हणून माणूस हात धुवायला उशीर करतो आणि तोवर ते आत उतरलेलं असतं. आमच्या पाळीतल्या एकाचा डोळा असाच गेला, लिंबू शोधत बसले सगळे. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, लगेच नळाखाली धरायचं, वीस मिनिटं तरी, आणि मग दवाखाना. पोटात गेलं तर ओकारी काढायची नाही, तेच परत वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं.

आणि खिशातली चुन्याची ट्यूब, तीही याच जातीची. पोरं ती दाबून खेळतात, फुटली की चुना थेट डोळ्यात.

माझं मागणं एवढंच आहे की दुकानदाराने कॉस्टिक सुटं विकू नये, नाव आणि धोक्याची खूण असलेल्या पॅकिंगमध्येच द्यावं, आणि लग्नात धूर सोडणाऱ्याचा एक माणूस डब्यापाशी शेवटपर्यंत उभा राहावा, उरलेला ड्राय आइस उघड्यावर, पोरांपासून लांब ठेवून उडून जाऊ द्यावा, मोरीत ओतू नये. लग्नाची तारीख ठरवून धूरवाला बुक करतानाच मुलीच्या बापाने हे बोलून घ्यावं.

आपला,
एक वाचक, अमळनेर