काकांच्या सीडी

रामबाग, इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकांच्या सीडींनी भरलेली कपाटं रिकामी करायची आहेत, आता सगळं मोबाईलवर ऐकायला मिळतं, मग त्या कुणाला देऊन टाकू का, असं विचारलं आहेस. देऊ नकोस रे. निदान त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून होईपर्यंत तरी नको. माझ्या सीडींचं हेच काम मी बरेच महिने करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कपाट उघडलंस की हात आपोआप छापील कव्हरच्या सीडींकडे जाईल. त्या मागे ठेव. खालच्या कप्प्यात, कागदी पाकिटांत, काकांनी मार्करने नावं लिहिलेल्या सीडी असतील, त्या आधी काढ. गणेशोत्सवातली गाणी, कुणाच्या दिवाणखान्यातल्या बैठका, देवासहून कुणीतरी आणून दिलेल्या कॅसेटवरून केलेल्या प्रती, असं सगळं त्यांत आहे. ते मोबाईलवर कुठेही मिळणार नाही. आणि नेमक्या याच सीडी आधी जातात. कंपनीच्या सीडीत खड्डे दाबून उठवलेले असतात. घरी बर्न केलेल्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन आणि उष्णता लागली की तो थर हळूहळू बिघडतो. आपल्याकडचा मे महिना तुला ठाऊक आहे, आणि काकांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे.

त्यातल्या काहींवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल. ते सोलायला जाऊ नकोस. चकाकणारा थर लेबलच्या बाजूलाच, लाखेच्या जेमतेम पापुद्र्याखाली असतो, तो लेबलसकट निघून येतो. खालच्या बाजूला 1.2 मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक आहे, त्यावरचा ओरखडा पुष्कळदा निभतो. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ ओढ, गोल फिरवू नकोस. ट्रॅक, म्हणजे त्या खुणांची रेघ, गोल जातो. आडवा ओरखडा त्याला क्षणभर छेदतो आणि सीडीतली चूक-दुरुस्तीची योजना सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान पूर्ण भरून काढते. गोल ओरखडा ट्रॅकच्या बाजूने लांबवर धावतो, तिथे तिचं काही चालत नाही.

आता उतरवण्याबद्दल. ऑडिओ सीडी म्हणजे काही फाइलींची सीडी नव्हे, की ओढली आणि टाकली. फाइलींच्या सीडीवर प्रत्येक सेक्टरच्या, म्हणजे माहितीच्या एका तुकड्याच्या, 2352 बाइटपैकी 2048 बाइट माहितीला असतात आणि उरलेल्यातली बरीच जागा जादा दुरुस्तीसाठी राखलेली असते. ऑडिओत सगळेच्या सगळे 2352 बाइट आवाजाला दिलेले, आणि असे 75 सेक्टर दर सेकंदाला. त्यामुळे एखादा तुकडा वाचता आला नाही, तर प्लेअर आजूबाजूचं बघून अंदाजाने जागा भरतो. ऐकताना ते चालून जातं, पण कायमची प्रत करताना कसं चालेल? म्हणून मी एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. सिक्युअर मोडमध्ये ते प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचतं, जुळलं नाही तर पुन्हा पुन्हा वाचतं, आणि शेवटी कुठे शंका राहिली ते सांगतं. छापील सीडी असेल तर त्यातल्या अ‍ॅक्युरेटरिप या सोयीमुळे, तीच सीडी उतरवलेल्या इतरांच्या निकालाशी आपला निकाल ताडता येतो. काकांच्या सीडींना ती सोय नाही. त्या दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचून बघ. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर लागणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घे.

फाइल फ्लॅक या प्रकारातच कर. एमपीथ्रीत आवाजातला काही भाग कायमचा टाकून दिला जातो. बिटरेट कमी ठेवला तर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणीत नाद, बोथट होते, ते तुझ्या कानाला लगेच कळेल. शिवाय विलंबित, म्हणजे संथ ख्याल, संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलत असेल, तर एमपीथ्रीत पुष्कळदा तिथे सांधा ऐकू येतो. फ्लॅकमध्ये काहीच गळत नाही, आणि तासाभराचं गाणं साधारण तीन-चारशे एमबीत बसतं. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये सगळं कपाट मावेल. अशा दोन डिस्क कर, आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेव. माझ्याकडे ठेवलीस तरी चालेल.

इथपर्यंतचं काम मशीनचं आहे. खरं काम पुढचं, आणि मी तुला गळ घालतो आहे ती त्यासाठी. सीडी घातली की कॉम्प्युटर नेटवरून नावं आणतो: गायकाचं नाव इंग्रजीत, रागाचं स्पेलिंग वाटेल तसं, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, याचा पत्ताच नाही. ख्यालगायक आमीर खाँसाहेब आपल्या इंदूरचे, त्यांचा झुमरा ताल म्हणजे झुमराच, पण त्या यादीत तालाला रकानाच नसतो. फ्लॅकमध्ये आपल्याला हवे ते रकाने करता येतात आणि ते देवनागरीत भरता येतात. मी राग, ताल, बंदिशीचा मुखडा, तबला, पेटी, सारंगी, स्थळ, साल असे रकाने केले आहेत. सोबतची पुस्तिका स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाकतो.

काकांच्या सीडींना तर पुस्तिकाही नाही. मार्करने ‘यमन, रात्रीचं’ एवढंच लिहिलेलं असेल. ते रात्रीचं म्हणजे कुठलं, हे सांगू शकणारं माणूस आज तुझ्या घरात आहे. काकूंना शेजारी बसव. त्या प्रत्येक बैठकीला होत्या, चहा त्यांनीच केलेला असायचा. पेटीवर कोण आहे, हे त्या दोन मिनिटांत सांगतील. त्या सांगतील तसं लिहून घे, खात्री नसेल तिथे ‘काकूंच्या आठवणीप्रमाणे’ असं नोंदव. आणि सुरुवातीचं निवेदन, तबला लावतानाची ठोकाठोक, मधली दाद, यातलं काही कापू नकोस. कित्येकदा तारीख आणि ठिकाण त्या निवेदनातच असतं, दाद देणाऱ्याचा आवाजही काकू ओळखतील. गाणं तेवढं ठेवून बाकी साफ करायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

छापील सीडी मग सावकाश होऊ देत. त्यातल्या पुष्कळ माझ्याकडेही आहेत, यादी पाठवलीस तर उतरवलेल्या फाइली तुला देईन.

तू दिवाळीपर्यंत इकडे येणार नसशील, तर हाताने लिहिलेल्या सीडी न्यायला मीच येतो तुझ्याकडे की तू त्या कुणाबरोबर पाठवतोस, ते कळव. कुरियरने मात्र पाठवू नकोस. माझ्याकडे दोन ड्राइव्ह आहेत, आणि सध्या संध्याकाळी वेळही मिळतो. काकूंशी बोलून आधी निदान कुठल्या बैठका आहेत याची यादी कर आणि मला लवकर पाठव.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझाच