वाइनची चव आपल्याच जिभेने घ्यावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही चौघे मित्र शहरातील एका हॉटेलात जेवायला गेलो होतो आणि जेवणाबरोबर रेड वाइन मागवली होती. बाटली हाताला चक्क कोमट लागत होती, म्हणून ती थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवावी, अशी विनंती मी केली. त्यावर, 'साहेब, रेड वाइन गार पीत नाहीत, रूम टेंपरेचरलाच पितात,' असे मला चारचौघांत ऐकवण्यात आले. आमच्यातील एका मित्राने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाइनचा पेला हातात घेतला होता. तो ओशाळून म्हणाला, 'राहू दे, आपल्याला त्यातले काय कळते?' हॉटेलवाल्यांचे बोलणे मी विसरलो असतो, पण मित्राचे हे वाक्य अजून मनातून जात नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

'रूम टेंपरेचर' हा शब्द युरोपातील थंड, दगडी घरांच्या काळापासून चालत आला आहे. तिथल्या खोल्या 16 ते 18 अंशांच्या आसपास असत आणि रेड वाइन त्याच तापमानाला चांगली लागते. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारचा पारा 37-38 अंशांवर जातो. इतक्या गरम वाइनमधून मद्यार्काची वाफ आधी नाकात शिरते आणि फळाची चव मागे पडते. म्हणजे बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवणारा माणूस नियम मोडत नसून तो नीट पाळत असतो. हे मला ठाऊक असूनही त्या दिवशी मी गप्प बसलो, याची खंत वाटते.

मी पस्तीस वर्षे मार्केट यार्डात गुळाची अडत केली. सौद्याच्या वेळी रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून कणी पाहायची, तुकडा जिभेवर ठेवून तो विरघळेपर्यंत थांबायचे आणि मग भाव बोलायचा, हे माझे रोजचे काम होते. नदीकाठच्या मळीच्या रानातला गूळ आणि चोपण जमिनीतला खारट गूळ डोळे मिटूनही वेगळा सांगता येतो. गूळ करणारा गुळव्या काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, पाक पाण्यात टाकतो, त्याची गोळी बोटांत फिरवतो आणि काहील कधी उतरायची ते ठरवतो. त्याने त्यासाठी कोणतेही पुस्तक वाचलेले नसते. जमीन, पाणी आणि हवा यांची चव पिकात उतरते, या गोष्टीला फ्रेंच माणूस 'तेरुआर' म्हणतो आणि तो शब्द उच्चारताना आपल्याकडची शिकलेली माणसेही आवाज बदलतात. पण त्यात सांगितलेली गोष्ट आपल्या गुऱ्हाळावरच्या कोणत्याही जाणत्या माणसाला नवी नाही.

डोळा जिभेला कसा फसवतो, हेही मी यार्डातच शिकलो. हायड्रॉस या रसायनाची पावडर घालून पिवळाधमक केलेल्या रव्याला गिऱ्हाईक चढा भाव देते आणि चवीला सरस असलेला तांबूस-काळा गूळ मागे राहतो. फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हाइट वाइनमध्ये चवीला न जाणवणारा लाल रंग मिसळून ती त्यांना दिली गेली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. लेबलाचेही तसेच आहे. पॅरिसमध्ये 1976 साली फ्रेंच परीक्षकांनी बाटल्या झाकून चव घेतली, तेव्हा रेड आणि व्हाइट या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. हे वाचल्यावर वाइनसमोर बुजण्याचे कारण मला उरले नाही.

निवृत्तीनंतर मला हा छंद लागला. पहिल्या दोन-तीन बाटल्या मला आवडल्या नव्हत्या, हे प्रांजळपणे सांगतो. आंबट आणि तुरट यांपलीकडे काही कळत नव्हते. मग आम्ही मित्रांनी एक पद्धत ठरवली. महिन्यातून एका शनिवारी दोन बाटल्या आणायच्या, त्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर फक्त 'अ' आणि 'ब' लिहायचे, प्रत्येकाने थोडी थोडी घ्यायची आणि एकमेकांशी न बोलता आपापल्या वहीत चव लिहायची. किंमत शेवटी सांगायची. एकदा नाशिकच्या शेनिन ब्लाँ या व्हाइट वाइनबद्दल माझ्या वहीत 'पिकलेला पेरू, कापून थोडा वेळ ठेवलेला' असे लिहिले गेले आणि वह्या उघडल्या तेव्हा हॉटेलात ओशाळलेल्या त्याच मित्राच्या वहीतही 'पेरू' हाच शब्द होता. त्याचा त्या वेळचा चेहरा मी विसरणार नाही.

चवीसाठी शब्द उसने आणावे लागतात, हा मोठा गैरसमज आहे. परदेशी पुस्तकांत ब्लॅकबेरी, गूजबेरी अशी फळे येतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ती चाखलेली नसतात, तरी ती नावे घेतली की जाणकार झाल्यासारखे वाटते. आपल्याकडे जांभूळ आहे, करवंद आहे, आवळा आहे, ओल्या मातीचा वास आहे आणि काहिलीतल्या पाकाचा वासही आहे. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणाऱ्या टॅनिनमुळे तोंड कोरडे पडते. त्या अनुभवासाठी मराठीत 'तुरट' हा नेमका शब्द आहे आणि तो आपल्या सहा रसांपैकी एक आहे. शिराझ या द्राक्षाच्या रेड वाइनमध्ये काही जणांना मिऱ्याचा वास येतो, तो भास नसतो. मिऱ्याला ज्या रोटंडोन नावाच्या संयुगामुळे तो वास असतो, तेच संयुग शिराझच्या द्राक्षातही सापडते. तेव्हा ज्याला मिरे ओळखता येते, त्याने बिनधास्त मिरे म्हणावे.

जेवणाबद्दलही असेच आहे. मांसाबरोबर रेड वाइनच घ्यावी, असे सांगितले जाते. पण तांबड्या रश्श्याबरोबर दणकट, तुरट रेड वाइन घेऊन पाहा. मद्यार्क आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग वाढवतात आणि मग ना रश्श्याची चव लागते ना वाइनची. त्याच ताटातल्या पांढऱ्या रश्श्याबरोबर, त्यातल्या नारळाच्या दुधामुळे आणि खसखशीमुळे, गार आणि किंचित गोडसर शेनिन ब्लाँ छान जुळते. हा आमचा अनुभव आहे. दुसऱ्या कोणाला वेगळे आवडले तर तेही त्याच्यापुरते बरोबरच आहे.

ही वाइन आता परक्याची राहिलेली नाही. शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिकजवळ विंचूर आणि आपल्या कोल्हापूरशेजारी सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्कची आखणी झाली आणि अकलूजच्या बागांतील वाइनही आज दुकानात मिळते. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या दोन छाटण्या, जानेवारी ते मार्चमधली काढणी, अवकाळी पावसाची धास्ती हे सारे आपल्या शेतकऱ्याचे रोजचे जगणे आहे. तासगावकडचे खाण्याचे द्राक्ष पातळ सालीचे आणि बिनबियांचे; वाइनचे द्राक्ष त्याहून लहान, जाड सालीचे आणि बियांचे. इतका फरक समजला तरी पेल्यातल्या रंगाकडे आणि तुरटपणाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या निर्णयावरून राज्यात मोठा वाद झाला. महसूल, शेतकरी आणि संस्कृती यांवर पुष्कळ बोलले गेले. चवीबद्दल मात्र त्या चर्चेत काहीच वाचायला मिळाले नाही.

या छंदाचा प्रचार करण्याचा माझा हेतू नाही. वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के मद्यार्क असतो आणि मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. 'रेड वाइन हृदयाला चांगली' हे पालुपद ऐकवून कोणी आग्रह करत असेल, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. आमच्या बैठकीत दोन बाटल्या सहा जणांत असतात आणि उरलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये जाते. तीन-चार दिवस ती चांगली राहते. जो पीत नाही, तो नुसता वास घेऊन वहीत लिहितो आणि त्याचे टिपण अनेकदा सर्वांत नेमके निघते.

शेवटी दोन विनंत्या. आपल्याकडे व्हिस्की-रमच्या दुकानालाही 'वाइन शॉप' म्हणतात, पण त्यांतील कित्येक ठिकाणी खरी वाइन सर्वांत वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या उष्णतेत, धूळ खात उभी असते. उष्णतेने आणि उजेडाने ती बिघडते आणि पहिल्यांदाच घेणाऱ्याला वाटते की वाइनची चवच अशी असते. दुकानदारांनी या बाटल्या खालच्या, गार आणि अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. आणि हॉटेलचालकांनी आपल्या माणसांना इतकेच सांगावे, की गिऱ्हाइकाने बाटली गार करून मागितली तर ती गार करून द्यावी.

आपला,
एक वाचक (निवृत्त गूळ अडत्या), कोल्हापूर