९८.६ अंश सेल्सिअसला चहा होतो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीत निरोगी माणसाचं तापमान ‘९८.६ अंश सेल्सिअस’ छापलं आहे. तेवढ्यावर माणूस राहत नाही, चहा होतो. फॅरनहाइट म्हणायचं होतं हे कळलं, चूक कोणाचीही होते. पण त्याच्याच खाली ९७ च्या आत भरणाऱ्यांनी ‘ताबडतोब’ थायरॉईड तपासून घ्यावं असं ठणकावलं आहे. ती काही छपाईची चूक नसावी. परिणाम असा, की बुधवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर राजकारण बंद आणि जो तो आपापला आकडा सांगतोय. पाचपाखाडीहून मेव्हणीचा फोन आला, “भावोजी, ताईचं तर नेहमीच ९६.८ असतं ना हो? मग?”

मग काही नाही. सौ. ७१ वर्षांची आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, दोनदा करून झालीय, दोन्ही वेळा व्यवस्थित. रोज सकाळी माझ्या पुढे चालते. ती गार आहे, आजारी नाही.

थायरॉईड मंदावला की तापमान उतरतं, हे मी नाकारत नाही. पण तेव्हा थकवा, वाढतं वजन, बद्धकोष्ठ, भर मे महिन्यात थंडी वाजणं, असं बाकीचंही सांगायला असतं. आणि ९५ च्या खाली खरोखरच गेलं तर डॉक्टर गाठावाच. नुसत्या ९६.८ ला कोणी कशाला घाबरायचं?

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ३१ वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. नवा पोरगा आला की आधी हे शिकवायचो, की रीडिंग सांगू नकोस. कशाने घेतलं, कुठे घेतलं, किती वाजता घेतलं ते सांग. माणसालाही हेच लागू. काखेत तोंडापेक्षा कमी भरतं. पहाटे सर्वांत कमी, संध्याकाळच्या सुमारास जास्त, आणि या दोहोंत एक अंश फॅरनहाइटचा फरक सहज पडतो. वय वाढलं की उतरतं. शरीर बसल्याजागी किती ऊर्जा जाळतं यावरही ठरतं. कोविडच्या दिवसांत एका मॉलच्या दारात माझ्या कपाळावर बंदूक धरली, आकडा आला ९३.९. वॉचमन म्हणाला, “ओके काका, जा.” खरा असता तर मला आत नाही, हॉस्पिटलात पाठवायला हवं होतं!

आता तो पवित्र ९८.६. जर्मनीत वुंडरलिख नावाच्या डॉक्टरने १८६८ साली सुमारे २५,००० रुग्णांची तापमानं मांडून ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी दिली, तीही काखेत मोजून. ३७ हा ठोकळ आकडा. फॅरनहाइटमध्ये नेला की त्याला दशांश फुटतो, आणि दशांश दिसला की लोकांना वाटतं, काय बारकाईने मोजलंय! वुंडरलिखचा एक थर्मामीटर फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. तो पुढे तपासला तर साधारण दीड अंश सेल्सिअसने जास्तच दाखवत होता. आमच्या प्लांटमध्ये असा गेज सापडला असता तर त्याच दिवशी ‘वापरू नये’ असा लाल टॅग लागला असता. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी माणसांची ७०० रीडिंग घेतली. सरासरी आली ९८.२, आणि बरोबर ९८.६ भरलेली रीडिंग होती जेमतेम आठ टक्के. शिवाय स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की तिथल्या लोकांचं सरासरी तापमान दीडशे वर्षांत हळूहळू उतरतच आलंय. बारीकसारीक जंतुसंसर्ग आणि अंगातला दाह कमी झाला म्हणून असावं, असा त्यांचा अंदाज. म्हणजे थोडं गार असणं हे कदाचित बऱ्या तब्येतीचंही लक्षण. पुरवणीत याची एक ओळ नाही.

पण मी पत्राला बसलो ते वुंडरलिखसाठी नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये सौ.ला बरं वाटेना. जेवण नको, बोलणं नको. तोंडात थर्मामीटर लावला, ९९.२. मला घाम फुटला, कारण माझ्याकडे लॉगशीट आहे. हसू नका, सवय जात नाही. निवृत्त झाल्यापासून आम्हा दोघांचं बीपी आणि तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो. ९६.६, ९६.८, ९७.१, क्वचित ९७.३. तिच्यासाठी ९९.२ म्हणजे दोन अंश वर. वही घेऊन जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वही उघडली नाही. “९९ म्हणजे ताप नाही काका. तुम्ही उगाच मोजत बसता.” गोळ्या दिल्या, दोनशे रुपये घेतले. लघवी तपासायला मीच सुचवलं, तर म्हणाले, आधी ताप तर येऊ दे.

तिसऱ्या रात्री दोन वाजता ती उठून बाथरूममध्ये बादल्या भरायला लागली. “पाणी जाईल, उठा,” म्हणाली. आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे. अंगात हुडहुडी, आणि मला चक्क तिच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. तेव्हाही थर्मामीटर १००.४ च्या वर गेला नाही. पहाटे हॉस्पिटल. लघवीतला संसर्ग रक्तात उतरला होता. सहा दिवस सलाईन आणि इंजेक्शनं.

दोन अंश वर म्हणजे ताप, हे माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणच्या म्हाताऱ्यांसाठी अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगून ठेवलंय, की नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश फॅरनहाइट वाढ झाली तरी तो ताप धरावा. नेहमीचं किती ते कळायला कोणीतरी वही उघडावी लागते. तुमची पुरवणी सौ.ला बरी असताना आजारी ठरवते आणि तो दवाखाना आजारी असताना बरी ठरवतो. दोघांचा आधार एकच, ९८.६.

जाता जाता एक. लेखाच्या बरोबर खाली पाव पानभर थायरॉईड पॅकेजची जाहिरात आहे, सवलतीच्या दरात, घरपोच. योगायोग असेल, म्हणून सोडून देतो. मेव्हणीने मात्र ते पॅकेज घेतलं. रिपोर्ट नॉर्मल, पैसे गेले. आता ती म्हणते, “निदान खात्री तरी झाली.” काय बोलणार?

दुरुस्ती छापणार असाल तर ती पान सातवरच्या निविदांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात नको. आणि हे पत्र छापताना कापायचंच असेल तर माझं नाव कापा, वॉचमन कापा, पण आकडे ठेवा. मागे पाण्याच्या प्रेशरबद्दल लिहिलेल्या माझ्या पत्रातून तुम्ही नेमकं प्रेशरचंच रीडिंग गाळलं होतं.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन,
ऐरोली, नवी मुंबई