फाइल विद्यापीठाच्या दारातच का सुटते? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री यांस,

स. न. वि. वि.

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करते. घरात मराठी, कोर्टात हिंदी आणि कायद्याची पुस्तकं इंग्रजी, हे इथल्या मराठी वकिलांचं रोजचंच. पण हे पत्र मराठीतच लिहायचं ठरवलं, कारण ज्या आजींमुळे मी दिवाणी काम शिकले, त्यांनी आपली कैफियत मराठीत सांगितली होती.

विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही दर शनिवारी विद्यापीठातल्या मोफत विधी सल्ला केंद्रात बसायचो. एक टेबल, चार खुर्च्या, एक नोंदवही. नवरात्रातल्या एका शनिवारी रामबागेतल्या एक आजी आल्या. घरमालकाने घर खाली करा म्हणून तगादा लावला होता. कापडी पिशवीत भाड्याच्या पावत्या होत्या, वर्षावार सुतळीने बांधलेल्या, आणि सोबत घरमालकाने न घेता परत पाठवलेल्या मनिऑर्डरींचे कागद. मी आणि माझी मैत्रीण तासभर लिहून घेत होतो. यजमान गेले ते साल, गळणारं छप्पर, घरमालकाच्या मुलाची अरेरावी. चार पानं भरली. केंद्र चालवणाऱ्या आमच्या सरांनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, "समन्स कधी मिळालं?"

आम्ही विचारलंच नव्हतं.

"कोर्टाचं काही आलं नाही हो," आजी म्हणाल्या. "एक शिपाई आला होता, सही घेऊन गेला. त्याने दिलेला कागद देवघरामागे ठेवलाय."

"कधी आला होता?"

"तारीख कुठली लक्षात राहायला? झाँकीच्या दुसऱ्या दिवशी. रात्रभर जागरण झालेलं, नातू झोपला होता, म्हणून मीच दार उघडलं."

आमच्या इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघतात आणि सारं शहर रस्त्यावर असतं. सरांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून दिवस मोजले. मध्य प्रदेशच्या १९६१च्या भाडेनियंत्रण कायद्याचं कलम १३ सांगतं, की समन्स मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत थकलेलं भाडं कोर्टात भरा किंवा मालकाला द्या आणि पुढे निकाल लागेपर्यंत दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरत राहा. चुकलात तर घर खाली करण्याविरुद्धचा तुमचा बचावच कोर्ट काढून टाकू शकतं. आजींच्या हातात जेमतेम नऊ दिवस होते आणि त्यांतच दसऱ्याच्या सुट्या.

हे कलम मला परीक्षेत पाठ होतं. आजी समोर बसल्या होत्या तेव्हा मात्र ते आठवलं नाही. अशिलाची हकीगत ऐकताना तिच्यातून तारखा वेगळ्या काढायच्या असतात, कारण दिवाणी दावा तारखांवर उभा राहतो आणि तारखांवरच पडतो. हे मला त्या टेबलावर कळलं. आमच्या अभ्यासक्रमात मसुदालेखनाच्या विषयात १५ प्लीडिंग, म्हणजे दावा-जबाबासारखे मसुदे, लिहायची असतात, त्यांना ४५ गुण. ती आम्ही सगळ्यांनी वरच्या वर्गातल्यांच्या वह्यांवरून उतरवली होती. त्या १५ मसुद्यांपैकी एकातही पक्षकार खरा नव्हता.

भाडं वेळेत भरलं गेलं. पुढची गोष्ट सांगताना मला आजही वाईट वाटतं. स्त्री असल्याने आजींना १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळत होता, तसा तो मिळाला. फाइल त्या वकिलांकडे गेली आणि आमचं काम संपलं. आमच्या परीक्षा सुरू झाल्या. दर महिन्याच्या १५ तारखेचं आजींना कुणीच नीट समजावलं नाही. वकिलांना वाटलं केंद्राने सांगितलं असेल, आम्हाला वाटलं वकील सांगतील. आजी भाड्याचे पैसे पाकिटात घालून, कोर्ट बोलावेल म्हणून वाट पाहत बसल्या. घरमालकाने बचाव काढून टाकण्याचा अर्ज दिला. मुदत वाढवून मागितली, ती न्यायालयाने दिली, म्हणून निभावलं. त्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, सर मागच्या बाकावर बसून होते. पूर्णवेळ पगारी प्राध्यापक असल्याने त्यांना वकील म्हणून उभं राहता येत नव्हतं. प्रकरणाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस त्या दालनात होता आणि त्याला बोलायची परवानगी नव्हती.

मंत्रिमहोदय, माझं मागणं इथून सुरू होतं. त्याच १९८७च्या कायद्यात 'विधी सेवा' या शब्दांच्या व्याख्येत न्यायालयापुढचं प्रकरण चालवण्यातली सेवा आधी येते आणि सल्ला नंतर. कलम ४ विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रं उभारायला आणि प्रत्यक्ष कामातून कायद्याचं शिक्षण द्यायला सांगतं. मग विद्यापीठाचं केंद्र सल्ल्यावरच का थांबतं?

विधी सल्ला केंद्र चालवणाऱ्या पूर्णवेळ प्राध्यापकाला केवळ त्या केंद्राच्या प्रकरणांत, फी न घेता, न्यायालयात उभं राहू द्या. त्यासाठी वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलशी बोलून नियमात अपवाद करावा लागेल, तो करा. १९६१च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे न्यायालय वकील नसलेल्या व्यक्तीलाही एखाद्या प्रकरणात उभं राहू देऊ शकतं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकाच्या देखरेखीखाली आणि पक्षकाराच्या लेखी संमतीने अशी परवानगी मिळण्याचा सरळ, एकसारखा नियम हवा. आज ती ज्या त्या न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे, म्हणून कुणी मागायलाही जात नाही.

गरिबांच्या दाव्यांवर विद्यार्थ्यांनी हात साफ करायचे का, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. म्हणूनच मी साक्षी-उलटतपासणी किंवा अंतिम युक्तिवाद मागत नाही. भाडं भरण्याचा अर्ज, मुदतवाढीचा अर्ज, पेशीला हजेरी, आदेशाची नक्कल काढणं आणि घरी जाऊन पक्षकाराला पुढची तारीख समजावणं, एवढंच मागते. आजींचं नुकसान विद्यार्थ्यांनी काम केल्याने होणार नव्हतं. ते होऊ घातलं होतं आम्ही मधेच बाजूला झाल्यामुळे.

फौजदारी बाजूला २०२२पासून आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आली, फार चांगलं झालं. पण घर, भाडं, वाटणी, पोटगी यांत अडकलेला माणूस तुरुंगात नसतो, म्हणून त्याची निकड कुणाला दिसत नाही. त्याच्याकडे मुदतीचे मोजके दिवस असतात आणि ते कोणते हेही त्याला ठाऊक नसतं.

आणि तोवर, ज्याला कायदा बदलावा लागत नाही असं एक काम लगेच होऊ शकतं. केंद्राकडून पॅनेलवरच्या, म्हणजे मोफत काम नेमून दिलेल्या, वकिलांकडे फाइल जाईल तेव्हा पहिल्या पानावर पुढच्या सगळ्या तारखा, त्या पक्षकाराला कुणी समजावल्या त्याचं नाव आणि पक्षकाराची सही असलीच पाहिजे, असं परिपत्रक राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने काढावं. आपण त्यांना तसं सुचवावं, ही विनंती.

आपली,
इंदूरमधील एक दिवाणी वकील