चार बॉल, फुकटचा बेस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

यंदाचा शालेय बेसबॉलचा हंगाम संपला. आपल्या क्रीडापानावर निकाल आले. अमुक शाळा विजयी, तमुक उपविजयी, धावा इतक्या. ते वाचून कुणालाही वाटेल की समोरच्या पोरांनी आपल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, धुऊन काढले. पण धुवायला बॅट फिरावी लागते, आणि आपण दिलेल्या निम्म्या धावांत बॅट खांद्यावरून खालीही आली नाही. चार बॉल, फुकटचा बेस: ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू गेले की बॅटर न मारता पहिल्या बेसवर जातो, हाच वॉक. पुन्हा चार बॉल, पुन्हा फुकटचा बेस. लागोपाठ चौथा वॉक झाला की तिसऱ्या बेसवरचा पोरगा चालत चालत होमवर येतो. हिट नाही, झेल सुटला नाही, आणि फळ्यावर एक धाव. कडेचे पब्लिक ओरडते, "नीट फेक ना बे!" जसा काही तो मुद्दाम वाकडे फेकतो.

साधा हिशेब मांडू. सात इनिंगच्या सामन्यात 21 गडी बाद करायचे असतात. एका इनिंगला 15 चेंडू लागले तर सामना 105 चेंडूंत आटोपतो, दोन पिचरांत वाटून सहज. आता दर इनिंगला दोन वॉक धरा. एका वॉकला कमीत कमी चार चेंडू जातात, मध्ये दोन स्ट्राइक (चौकटीतून गेलेले किंवा बॅटरने हुकवलेले चेंडू) पडले तर सहा. म्हणजे इनिंग 27 वर गेली आणि शंभरी चौथ्या इनिंगमध्येच उलटली. उरलेल्या तीन इनिंग दमलेल्या हाताने काढायच्या, आणि दमलेला हात आणखी वॉक देतो. सामने पाचव्या-सहाव्या इनिंगला कोसळतात ते यामुळे. त्याला 'पोरांनी दम सोडला' म्हणणे अन्यायाचे आहे.

चूक पिचर निवडण्यापासून सुरू होते. गावात टेनिस बॉलवर जो सर्वांत जोरात टाकतो त्याच्या हाती बेसबॉल दिला जातो. वेगाचे वेड आपल्याला आहेच, आणि उमेश यादव आपल्याच विदर्भातला असल्यामुळे ते चुकीचे आहे असेही कुणी म्हणणार नाही. पण 2017-18 चा रणजी करंडक विदर्भाने पहिल्यांदा जिंकला तेव्हा इंदूरच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने, आणि त्याचे भांडवल नुसता वेग नव्हते; टप्पा आणि स्विंग होते. बेसबॉलमधले उदाहरण याहून बोलके आहे. स्टीव्ह डालकोव्स्की हा अमेरिकेतला आजवरच्या सर्वांत वेगवान पिचरांपैकी एक समजला जातो. 1960 च्या मायनर (खालच्या दर्जाच्या) लीग हंगामात त्याने 170 इनिंगमध्ये 262 जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि बरोबर 262 जणांना वॉक दिले. मेजर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेचा, एकही सामना त्याला खेळता आला नाही.

शिवाय गोलंदाजीचा हात आणि पिचिंगचा हात एक नाही. गोलंदाज धावत येतो, कोपर सरळ ठेवतो, हात कानाजवळून उभा फिरवतो. पिचर एका पायावर थांबतो, कंबर आधी वळवतो, वाकलेले कोपर खांद्याच्या रेषेत आणून मनगटाने चेंडू सोडतो. सवय झालेला गोलंदाज कोपर सरळ करायला जातो, चेंडू उशिरा सुटतो आणि होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या पाटीच्या) दोन फूट आधी जमिनीवर आपटतो. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाच्या हातात सपाट फेक टाकणारा पोरगा पिचर म्हणून लवकर तयार होतो. एका दगडात नेमकी हवी तीच कैरी पाडणारे पोट्टे तर प्रत्येक गावात सापडतील.

पण खरे दुखणे माउंडचे, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्याचे, आहे. जून ते ऑगस्ट सराव होतो शाळेच्या सपाट मैदानावर. पोळा आटोपतो, सामने लागतात, आणि पोरगा आयुष्यात पहिल्यांदा उंचवट्यावर उभा राहतो. सपाट जमिनीवर पुढचा पाय ज्या क्षणी टेकतो त्या क्षणाला त्याचा हात बांधलेला असतो. माउंडवर उतार असल्याने पाय किंचित उशिरा टेकतो, हात मात्र ठरल्या वेळी निघतो. चेंडू लवकर सुटतो आणि बॅटरच्या डोक्यावरून जातो. मग तो दुरुस्ती म्हणून खाली ओढतो आणि पुढचा चेंडू मातीत. उंचीने एवढा काय फरक पडतो असे विचारणाऱ्यांना सांगावेसे वाटते की 1968 च्या हंगामात अमेरिकेत पिचर इतके भारी पडले की 1969 पासून माउंड 15 इंचांवरून 10 इंचांवर आणावा लागला. पाच इंचांनी खेळाचा तोल बदलला. आपण तर शून्यावर सराव करून दहावर सामना खेळतो.

पूर्ण माउंड म्हणजे 18 फूट व्यासाचा गोल, मध्ये 10 इंच उंच. त्याला सैल मोजून सव्वा ब्रासच्या आसपास मुरूम लागतो. एवढे जमत नसेल तर सरावापुरता चार फूट रुंद, तेरा फूट लांब पट्टा करावा; त्याला ब्रासचा तिसरा हिस्सा पुरतो. ट्रॅक्टरच्या एका फेरीत दोन शाळांचे काम होईल. नुसत्या काळ्या मातीचा माउंड करू नये. ती पावसात बुटाला चार-चार किलो चिकटते आणि ऊन पडले की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. चाळलेला मुरूम तीन भाग आणि काळी माती एक भाग, दोन-दोन इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाण्याचा शिपका आणि धुम्मस. सगळा ढीग एकदम टाकून वरून ठोकला तर वरचे दोन इंच कडक होतात आणि आतला भुसभुशीत राहतो. तिसऱ्या इनिंगला तो ढासळतो.

उंची मोजताना नेहमी होणारी चूक म्हणजे ती शेजारच्या जमिनीपासून मोजणे. नियम होम प्लेटच्या पातळीपासून 10 इंच सांगतो. आपली मैदाने पाणी वाहून जावे म्हणून एका अंगाला उतरती असतात, त्यामुळे गवंड्याची पाण्याची नळी आणून प्लेटपासूनच पातळी घ्यावी. रबराच्या (पिचरने मागचा पाय टेकायची माउंडवरची पट्टी) पुढे सहा इंच सपाट, मग दर फुटाला एक इंच उतार. अंतराचेही तसेच. 60 फूट 6 इंच हे प्लेटच्या मागच्या टोकापासून रबराच्या पुढच्या कडेपर्यंत धरायचे असते. प्लेट टोकापर्यंत 17 इंच लांब असते, आणि टेप पुढच्या कडेला लावली की पिचर 17 इंच मागे गेला. आधीच न पोचणाऱ्या हाताला ही वर शिक्षा.

आता पाय टेकतो ती जागा. पिचरच्या उंचीप्रमाणे रबरापासून साडेचार-पाच फुटांवर पुढचा पाय पडतो. पन्नास चेंडू झाले की तिथे बशीएवढा खड्डा होतो. दुसऱ्या संघाच्या पिचरची पावले वेगळी, त्याचा दुसरा खड्डा. पाय खड्ड्याच्या काठावर पडला की घोटा वळतो, गुडघा बाहेर जातो आणि चेंडू बॅटरच्या अंगावर. अमेरिकेतली माणसे या जागी न भाजलेल्या मातीच्या विटा बसवतात. आपल्याकडे गावोगाव वीटभट्ट्या आहेत! भट्टी लागायच्या आधीच्या तीस-चाळीस कच्च्या विटा आणाव्यात. जागा चार-पाच इंच खोदून विटा एकमेकींना खेटून बसवाव्यात, फटींत ओली माती दाबावी, वर इंचभर मुरूम. सामना संपला की खड्डा झाडून, पाणी मारून, माती भरून ठोकायचा. कोरड्या खड्ड्यात कोरडी माती लोटून पायाने सारखी केली तर ती दुसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूला निघते. कच्ची वीट पाण्यात विरघळते, म्हणून रात्री ताडपत्री हवीच. सोयाबीन झाकायला घरोघरी असते, ती शाळेत एक असायला हरकत नसावी.

रबर म्हणून फळी ठोकतात, तीही बहुधा चार खिळ्यांवर. ओल्या मातीत ती डुलते आणि मागचा पाय रेटा देतो तेव्हा सरकते. 24 बाय 6 इंचांच्या फळीला खालून फूटभर सळईचे खुंटे लावले तर हलत नाही.

चेंडूबद्दल थोडक्यात. चांगल्या बेसबॉलचे वजन 142 ते 149 ग्रॅम, शिवणीचे 108 दुहेरी टाके, आणि ते बोटाला लागले पाहिजेत. स्वस्त चेंडूंची शिवण सपाट असते. पकडच बसत नाही. सरावाला तीन जुने, पाणी पिऊन जड झालेले चेंडू आणि सामन्याला कोरा गुळगुळीत चेंडू, ही आपली रीत. मेजर लीगमध्ये नव्या चेंडूची चकाकी घालवायला त्यावर नदीचा गाळ चोळतात. गाळाची आपल्याकडे कमतरता नाही.

सुविधा नाहीत म्हणून हरलो, असे मात्र मी म्हणणार नाही. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स हा मेजर लीगचा संघ 162 पैकी 121 सामने हरला, आणि त्यांच्याकडे माउंडही होता, चेंडूही होते.

सर्वांत जास्त राग येतो तो एकाच पोराला सगळे सामने टाकायला लावण्याचा. सकाळी उपांत्यपूर्व, दुपारी उपांत्य, दुसऱ्या दिवशी अंतिम, आणि तिन्हीकडे तोच हात. मधल्या वेळेत त्यालाच कॅचर (प्लेटमागे चेंडू झेलणारा) करायचे, कारण मास्क घालायला दुसरा कुणी धजत नाही. अमेरिकेत मेजर लीग आणि तिथल्या बेसबॉल संघटनेने मुलांसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. 13 ते 16 वर्षांच्या मुलाने एका दिवसात 95 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. 15-16 च्या मुलाने 76 किंवा जास्त टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. 13-14 च्या मुलाला ही चार दिवसांची रेषा 66 वरच लागते. पिचरने कॅचरही होऊ नये असेही तिथे बजावलेले आहे. आपल्या स्पर्धा दोन-तीन दिवसांत संपतात. याचा सरळ अर्थ, पहिल्या सामन्यात ऐंशी चेंडू टाकलेला पोरगा त्या स्पर्धेत पुन्हा माउंडवर दिसताच कामा नये. संघात तीन पिचर नसतील तर तो संघ पुरा झालेलाच नाही.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूची हाडाची वाढ अजून चालू असते. दंडाचा, पाठीचा ठणका दोन दिवसांत जातो. कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून पोरगा 'इथं दुखते' म्हणाला तर त्याच क्षणी चेंडू काढून घ्यावा आणि डॉक्टरला दाखवावे. तिथल्या लिगामेंटवरची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली; आज अमेरिकेत ती सर्रास होते. यवतमाळ-वाशीमच्या खेड्यातल्या पोराला तो रस्ता नाही. तेल चोळून, क्रेप बँडेज बांधून पुन्हा मैदानात पाठवणे हा आपला उपाय. प्रमाणपत्र आणि नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणावर घरच्यांची नजर असते, त्यामुळे पोरगाही दुखणे लपवतो.

चेंडू मोजायला यंत्र लागत नाही. तुरीचे शंभर दाणे एका खिशात घ्या आणि प्रत्येक चेंडूला एक दाणा दुसऱ्या खिशात टाका. सरावासाठी दोन बांबू रोवून सुतळीची चौकट करावी: रुंदी 17 इंच, खालची दोरी जमिनीपासून 18 इंचांवर, वरची 42 वर. पंधरा वर्षांच्या पोराला एवढी पुरे. पहिला आठवडा 40 फुटांवरून 25 चेंडू, दिवसाआड. पंचविसात 15 चौकटीतून गेले तरच पाच फूट मागे सरकायचे. अमेरिकेत 12 वर्षांपर्यंतची लिटल लीगची पोरे 46 फुटांवरूनच टाकतात, तेव्हा जवळून सुरू करण्यात कमीपणा नाही. चौकट जमेपर्यंत कर्व्हबॉलचे (वळणाऱ्या चेंडूचे) नाव काढू नये. फोर-सीमची (सरळ वेगवान चेंडूची) पकड आणि त्याच हाताने, त्याच वेगाच्या हालचालीने, चेंडू तळव्यात जरा खोल धरून टाकलेला संथ चेंजअप, एवढ्या दोन चेंडूंवर जिल्ह्याची पातळी निघते. बेसवर रनर असताना थांबून टाकण्याची सवयही आताच लावावी. क्रिकेटमधून आलेली पोरे थांबतच नाहीत आणि बॉक देऊन बसतात, म्हणजे या नियमभंगाने रनरला एक बेस फुकट मिळतो. हे सगळे जानेवारी ते मार्चमध्ये व्हायला हवे. खरिपात पोरे शेतात असतात, ऑक्टोबरला सोयाबीनच्या काढणीत.

स्पर्धा भरवणाऱ्यांकडे एवढीच मागणी आहे की सामन्याच्या आदल्या दिवशी माउंडची उंची आणि अंतर दोन्ही संघांसमोर मोजावे आणि स्कोअरशीटमध्ये पिचरच्या नावापुढे चेंडूंची संख्या लिहिणे सक्तीचे करावे. आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याकडे. निकाल छापताना धावांच्या शेजारी वॉकचा एक आकडा द्या. बातमीत चार शब्द वाढतील. पण ज्या गावात 'आपला संघ इतक्या धावांनी हरला' असे वाचून पोरांना टोमणे बसतात, तिथे पुढच्या वर्षी निदान 'वॉक किती दिले?' हा प्रश्न विचारला जाईल, आणि तो पोरांना नाही, शिकवणाऱ्यांना विचारला जाईल.

आपला,
एक बेसबॉलप्रेमी वाचक,
जि. यवतमाळ